अंगठा वर की खाली?

लोकांच्या पायांच्या अंगठ्यांना हात लावण्यात माझं आयुष्य गेलं. आपल्याकडे पायाला हात लावला की आशीर्वाद मिळायची पद्धत आहे. मला मात्र बहुतेक वेळा बोलणी मिळाली. "मॅडम, दुखतंय कंबरेत आणि तुम्ही अंगठा काय धरून बसलात?"

पनवेलला उरण नाक्याच्या अलीकडे, एका औषधाच्या दुकानामागे माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. पाटीवर हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता, तरी निम्मं गाव मला 'मालिशवाल्या मॅडम' म्हणायचं. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मग मी शहाणी झाले. कुणी मालिशचं नाव काढलं की शेजारच्या सलूनकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "तिकडे जा, दाढीबरोबर चंपी फुकट आहे." सलूनवाला माझ्यावर खूश होता. आता माझेच गुडघे कुरकुरायला लागल्यामुळे मी क्लिनिक बंद केलं आहे आणि लोकांना फुकट सल्ले देत फिरते. फुकटचे असल्यामुळे ते कुणी ऐकत नाही.

तर अंगठा. ही तपासणी अगदी पोरखेळासारखी दिसते. पेशंटने डोळे मिटायचे. मी त्याच्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचा आणि हळूच वर किंवा खाली करायचा. त्याने सांगायचं, वर की खाली. बस. धडधाकट माणसाला यात काहीच विशेष वाटत नाही, कारण आपला पाय कुठे आहे हे आपल्याला न बघता कळतं, आणि ते कळतं हेच मुळी आपल्या ध्यानात नसतं. अंधारात चप्पल शोधताना आपण डोळ्यांना शिव्या देतो, पण पायांचे आभार कुणी मानत नाही. घरी करून बघायला हरकत नाही. सासूसुनांनी जपून करावी, अंगठा पिरगळला जाण्याचा संभव असतो.

या अंगठ्यापायी मी आयुष्यात सगळ्यात जास्त हसले ती गोष्ट सांगते. सुरुवात करते गव्हाणच्या हसुरामशेठपासून.

हसुरामशेठच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भात आणि मिठागरं. पुढे जमिनी गेल्या, मिठागरं गेली, इमारती उभ्या राहिल्या, आणि हसुराम बांधकामात शिरला. धिप्पाड गडी, गळ्यात जाड साखळी, आवाज एवढा की शेजारच्या सलूनमध्ये वस्तरा थांबायचा. त्याच्या मणक्यात उजव्या बाजूला एक गाठ झाली होती. गाठ साधी होती, मुंबईला ऑपरेशन करून काढली. पण काढेपर्यंत तिने मज्जारज्जूचा उजवा भाग चांगलाच दाबून ठेवला होता. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कंबरेपर्यंत पाठीच्या कण्यातून जाणारी नसांची दोरी. त्यामुळे त्याचा उजवा पाय लुळा पडला होता, आणि तो पुन्हा चालता करण्यासाठी मंडळी माझ्याकडे आली होती.

बरोबर त्याची बायको तारावहिनी होत्या, आणि त्या संतापलेल्या होत्या.

"मॅडम, तुमीच विचारा ह्यांना," त्या म्हणाल्या. "आजारी पाय कनचा? उजवा. मी उजव्या पायाला मिठाचा शेक द्याला गेले, तर ह्यो मानूस असा वराडला का सगली आली जमा झाली. मंग मी पुरचुंडी बाजूला ठेवली. ती लागली डाव्या पायाला. चांगल्या पायाला! तवा ह्यांनी तोंडातून अवाज काडला नाय. आता बगा काय झाला त्यो."

त्यांनी लुंगी बाजूला सारली. डाव्या पोटरीवर तळहाताएवढा फोड आला होता.

मिठागरवाल्यांच्या घरी दुखण्यावरचा पहिला इलाज म्हणजे घरचं जाडं मीठ तव्यावर तापवून, फडक्यात बांधून शेकणं. इलाज वाईट नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पण तव्यावरच्या मिठाची पुरचुंडी पोटरीला टेकून राहिली आणि माणूस टीव्हीवर बैलगाड्यांची शर्यत बघत हसत बसला, तर बायकोने काय समजायचं?

"सोंग करतात," वहिनींनी निकाल दिला. "लुला पाय बोंबलतो आनि बरा पाय मुका? असा कवा आयकलाय?"

"आगो, मना खरंच काय नाय कळला!" हसुराम कळवळून म्हणाला. एवढा मोठा कंत्राटदार, पण बायकोपुढे पुरावा नसलेला आरोपी झाला होता.

मी त्याला टेबलावर झोपवलं आणि तपासलं. उजव्या, लुळ्या पायाला पिन टोचली की तो ओरडत होता. पण डोळे मिटून उजवा अंगठा वर की खाली विचारलं तर ठार आंधळा. डाव्या, दणकट पायाचा अंगठा वर-खाली त्याला अचूक सांगता येत होता, पण तिथे पिन टोचली तर म्हणायचा, "कोनतरी बोट लावला." बर्फ आणि गरम पाण्याची बाटली यांत त्याला काही फरकच नव्हता.

मला मनापासून आनंद झाला. हे ऐकायला वाईट वाटेल, पण आमच्या धंद्यात पुस्तकातलं पान असं चालत (म्हणजे लंगडत) दारात आलं की आनंद होतोच. मी वहिनींना बसवलं आणि जे समजावलं ते इथेही सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे.

असं समजा, पायापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक रस्ता आहे, आणि त्यावरून दोन निरोप्ये जातात. एक दुखण्याचा आणि गरम-गाराचा निरोप नेतो. दुसरा सांगतो पाय कुठे आहे, अंगठा वर आहे की खाली, जमीन हलतेय की नाही. दोघांनाही पोचायचं असतं मेंदूच्या उलट्या अंगाला, म्हणजे रस्ता कुठेतरी ओलांडणं दोघांनाही भाग आहे. पण स्वभाव वेगळे. दुखण्याचा निरोप्या उतावळा. तो मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या रस्ता ओलांडतो आणि पलीकडच्या कडेने वर चालू लागतो. दुसरा शिस्तीचा. तो आपल्याच बाजूने सरळ वरपर्यंत जातो आणि मानेच्याही वर, मेंदूच्या दारात गेल्यावर ओलांडतो. आता मध्येच रस्त्याची उजवी कड खचली. कोण अडकलं? उजव्या पायाचा शिस्तीचा निरोप्या अडकला, कारण तो उजव्याच कडेने चालला होता. आणि डाव्या पायाचा उतावळा अडकला, कारण तो आधीच ओलांडून उजवीकडे आलेला! पायाला ताकद पाठवणारी वाट वरून खाली येते, तीही इथे उजव्याच कडेने, म्हणून ताकद उजव्या पायाची गेली.

तारावहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे जपाचा त्यो बऱ्या पायाला."

मी टाळीच वाजवली. शिकलेल्या, न शिकलेल्या, कितीतरी जणांना मी हे समजावलं असेल. इतक्या थोडक्यात कुणी मलाच परत सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या घरात नियम झाला: व्यायाम उजव्या पायाला, पहारा डाव्या पायावर.

हसुराम आठवड्यातून तीनदा यायला लागला. भिंतीच्या कठड्याला धरून, आपल्याच पायांकडे टक लावून पावलं टाकायचा आणि माझ्या क्लिनिकात बसून साइटवरच्या गवंड्यांना फोनवरून शिव्या द्यायचा. एका सकाळी मात्र शिवी त्याच्या तोंडातच अडकली. दारातून आपटेकर बाई आत येत होत्या.

आपटेकर बाई म्हणजे सारा आपटेकर. पनवेलच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. सासरचं मूळ गाव पाताळगंगेकाठचं आपटा. तिथे त्यांच्या सासऱ्यांच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. बाईंच्या समाजातली बहुतेक घरं एकेक करून इस्राएलला गेली. बाईंचा मुलगा दानियलही तिकडेच होता. बाई इथेच राहिल्या. नवऱ्याच्या मागे एकट्या, ताठ, चुरगळ न पडलेल्या साडीत.

हसुराम कठडा धरून ताठ उभा राहिला. "बाई, नमस्कार," त्याचा आवाज एकदम सातवीतला झाला.

बाईंनी चष्म्यातून बघितलं. "हसुराम ना? गव्हाणचा? तू अजून भिंतीला टेकूनच उभा राहतोस?"

मी तिथेच हसून घेतलं. मग बाईंची तक्रार ऐकली आणि हसू ओसरलं.

बाई दर शुक्रवारी संध्याकाळी पडत होत्या. रोज नाही. फक्त शुक्रवारी, दिवेलागणीला.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी त्यांचा शब्बाथचा, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागतो. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. दिवा लावायचा मान घरातल्या बाईचा. ती उभं राहून दिवा लावते, दोन्ही तळहातांनी डोळे झाकते आणि आशीर्वादाची प्रार्थना म्हणते. आपटेकर बाई हे लग्नाच्या आधीपासून करत आल्या होत्या. आणि आता डोळे झाकले की त्या कोसळत होत्या. एकदा टेबलावर आपटल्या, एकदा दिवाच अंगावर येता येता राहिला. पदर थोडा जळला.

ज्याला त्याला कारण सापडलं होतं. शेजारीण म्हणाली, नजर लागली. एका डॉक्टरने चक्कर थांबायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने पायाला सुई टोचून बघितली, बाई ओरडल्या, तो म्हणाला नसा उत्तम आहेत. दानियलने मात्र कारणच शोधलं नाही, निकाल दिला. त्याने बॅटरीवरचा दिवा पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आई, आता खरा दिवा बंद. तो लावायचाच असेल तर इकडे ये, इथे सून लावेल, तू शेजारी बस. आणखी एकदा पडलीस तर मी येऊन घराला कुलूप लावीन आणि तुला घेऊन जाईन.

"त्याचं चुकलंय असं नाही," बाई मला म्हणाल्या. "मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण मला माझ्या घरात, माझ्या हाताने, उभं राहून दिवा लावायचाय. बसून नाही, बॅटरीचा नाही, सुनेच्या हाताने नाही. एवढं होईल का ते सांगा. नाहीतर खोटी आशा दाखवू नका."

मी म्हटलं, "बाई, आधी मला दाखवा नेमकं काय करता ते."

त्या खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या. समोर दिवा आहे असं धरून काडी ओढल्यासारखं केलं. तोवर पाय खांबासारखे घट्ट. मग तळहात डोळ्यांवर नेले, ओठ हलले, आणि झाड तोडल्यावर हलावं तशा त्या डुलायला लागल्या. मी सावध होते, तरी माझ्या आधी हसुराम ओरडला, "मॅडम, बाईंना धरा!" मी त्यांना सावरलं. हसुराम कठडा सोडून धावणारच होता, त्याला मी नजरेनेच थांबवलं. एका खोलीत दोन माणसं पडलेली मला परवडली नसती.

मग मी बाईंना झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि अंगठा धरला.

"वर की खाली?"

"वर," बाई ठणकावून म्हणाल्या. मी खाली केला होता.

"आता?"

"खाली."

वर होता.

"आता?"

"आता तुम्ही काहीच केलं नाहीत. मला फसवू नका."

मी तो चांगला वाकवून धरला होता. कठड्याजवळ हसुरामचे डोळे मोठे झाले होते. शाळेत ज्यांनी त्याला पट्टी दाखवली त्या बाई एकामागून एक चुकीची उत्तरं देत होत्या आणि तीही छातीठोकपणे. त्याला राहवेना.

"बाई नापास!" तो म्हणाला, आणि स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला.

बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "हसुराम, बाकावर उभा राहा."

सगळे हसलो. बाईसुद्धा. पण मला काय ते कळलं होतं. पिन टोचली की दोन्ही पायांना अचूक कळत होतं. उतावळा निरोप्या ठणठणीत होता. दोन्ही बाजूंचा शिस्तीचा निरोप्या मात्र पोचत नव्हता. म्हणून सुई टोचणाऱ्या डॉक्टरला सगळं उत्तम दिसलं. त्याने एका निरोप्याची खबर घेतली, दुसऱ्याची विचारलीच नाही. बाईंचं शरीर तोल सांभाळत होतं ते डोळ्यांच्या भरवशावर. आंघोळ त्या पाटावर बसून करायच्या, बाकीच्या प्रार्थना खुर्चीत बसून. उभं राहून, हात कशालाही न लावता, डोळे झाकण्याची वेळ आठवड्यात एकच यायची. नजर वगैरे काही नव्हतं. शुक्रवारी त्या आपल्या हातांनी तोलाचा शेवटचा आधार झाकून टाकत होत्या.

मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. रक्त तपासलं आणि बी बारा नावाचं जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं निघालं. बाई मासे-अंडी खात होत्या, पण पोटात ते शोषलंच जात नव्हतं. हे जीवनसत्त्व कमी पडलं की मज्जारज्जूतली ती सरळ जाणारी वाटच आधी बिघडते. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी बाईंना स्पष्ट सांगितलं की बिघाड थांबेल, थोडा भरूनही येईल, पण सगळा येईल असं नाही. उशीर झाला होता. मला याची हळहळ अजून वाटते. अंगठा वर-खाली करायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि तेवढंही कुणी केलं नव्हतं.

दानियलला मी फोनवर सगळं सांगितलं. तो गृहस्थ समंजस होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगाल तोपर्यंत मी थांबतो. पण ती तुमच्या परवानगीशिवाय दिवा लावणार नाही, असं तिच्याकडून वदवून घ्या." बाईंनी शब्द दिला. तेवढे शुक्रवार त्या बॅटरीच्या दिव्यासमोर खुर्चीत बसल्या. शनिवारी संध्याकाळनंतर भेटल्या की त्यांचं तोंड आंबट असायचं. "टॉर्चसमोर बसल्यासारखं वाटतं," म्हणायच्या.

मग जे सुरू झालं त्याला मी क्लिनिक म्हणणार नाही, ती शाळा होती. हसुराम आणि बाई एकाच वेळी यायला लागले. मी तशी वेळ मुद्दाम दिली, कारण मला दिसलं होतं की या दोघांची मोडतोड एकमेकांना पूरक आहे. हसुरामला चटका कळत नव्हता, बाईंना बरोबर कळत होता. व्यायामानंतर हसुरामचे पाय कोमट पाण्यात ठेवायचे असायचे. पाण्यात आधी पाय घालायच्या बाई. "थांब, गरम आहे. आता घाल." मग हसुराम पाय घालायचा. उलट, डोळे मिटून सराव करताना बाई कुठे झुकताहेत हे त्यांना कळायचं नाही, ते हसुराम सांगायचा. "बाई, डावीकडं. जरा उजवीकडं या. हां, आता सरल." तारावहिनी हे बघून म्हणाल्या, "दोगांचा मिलून एक मानूस पुरा झाला."

इंजेक्शनांनी हळूहळू फरक पडला. दहात दोन बरोबर येणारा अंगठा सहा-सात बरोबर येऊ लागला. बाईंनी स्वतःला गुण देऊन ठेवले, आणि काठावर पास झाल्या तरी नाक मुरडलं. भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकून डोळे मिटायला जमलं. कोपऱ्याबाहेर, मोकळ्यावर मात्र गाडी अडली. डोळे झाकले, की डुलणं आलंच.

एक मात्र माझ्या लक्षात आलं. डोळे मिटल्यावर बाईंनी नुसतं एक बोट टेबलाला लावलं, भार न देता, तरी डुलणं थांबायचं. याचं कारण सोपं आहे. बिघाड पायांकडून येणाऱ्या लांब वाटेत होता. हातांची वाट आखूड, ती शाबूत होती. पाय सांगत नाहीत ते बोट सांगायचं. मी म्हटलं, "बाई, एका हाताने डोळे झाका, दुसरा टेबलाला लावा."

"नाही."

"का नाही?"

"आईने दोन्ही हातांनी झाकले, आजीने दोन्ही हातांनी झाकले. मी एका हाताने देवाला काय सलाम ठोकू?"

धर्मग्रंथात काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, आणि बाईंशी वाद घालायची छाती माझ्यात नव्हती. मी वैतागून खुर्चीत बसले. हसुराम पाण्यात पाय घालून बसला होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्या पेपराला आमी कसा बसायचो, आठवतं?"

"कसे?"

"असा." त्याने समोरच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकवली आणि तळहातांत तोंड झाकून घेतलं. "एक गनित येत नवतां. सगला तास असाच."

मी उठून उभीच राहिले. कोपरं! दोन्ही तळहात डोळ्यांवर आणि दोन्ही कोपरं टेकलेली. फक्त टेबल बसणाऱ्याचं नको, उभं राहणाऱ्या बाईंच्या मापाचं हवं. बाईंनी हसुरामकडे बघितलं. त्या नजरेत मी पहिल्यांदाच त्याच्याविषयी आदर पाहिला.

दोन दिवसांनी हसुरामने साइटवरचा सुतार आणला. त्याने बाईंची कोपरं मोजली आणि सागवानी उंच चौरंग केला. कडेला कोपरं टेकायला गोलसर खाचा, दिवा मागच्या बाजूला खोलगट बैठकीत, पदर पोचणार नाही असा. पैसे द्यायला गेलेल्या बाईंना हसुराम म्हणाला, "बाई, बाक तोडला होता मी शालेत. त्यो भरून देतोय." बाक त्याने खरंच तोडला होता की काय, देव जाणे. बाईंना आठवत नव्हतं, आणि वहिनींनी डोळ्यांनी मला खुणावलं की विचारू नका.

चौरंगावर सराव झाला. क्लिनिकात जमलं, पुन्हा जमलं, गप्पा मारताना जमलं. मी परवानगी दिली.

त्या शुक्रवारी आम्ही बाईंच्या घरी गेलो. हसुराम एक काठी टेकत स्वतःच्या पायांनी जिना चढला, प्रत्येक पायरीकडे बघत. वहिनींनी मागून डाव्या पावलावर नजर ठेवली होती. बाई पांढऱ्या साडीत होत्या. घरभर नारळाच्या दुधाचा वास होता. दानियल व्हिडिओ कॉलवर होता, तिकडे अजून दुपारच होती. फोन मी धरला होता. शब्बाथ सुरू झाल्यावर फोन चालू ठेवणं बरं नाही, पण पाप मी माझ्या खात्यावर घेतलं.

"आई, नीट," दानियल म्हणाला. हे आज फसलं तर तो विमानाचं तिकीट काढणार हे सगळ्यांना माहीत होतं, बाईंना तर सगळ्यात जास्त.

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या.

त्यांनी काडी ओढली. ती वातीला धरली. ज्योत सरळ झाली. बाईंनी कोपरं चौरंगावर टेकवली, तळहात डोळ्यांवर घेतले आणि हिब्रूत प्रार्थना म्हटली. ती छोटीशीच आहे. मी श्वास सोडते न सोडते तोच संपली.

पण बाईंनी हात काढले नाहीत. त्या मराठीत बोलू लागल्या, अगदी हळू, आणि मला पहिल्यांदाच कळलं की एवढ्याशा प्रार्थनेत त्या पडायच्या कशा. प्रार्थना छोटी होती, पण बाईंचं काम तिथे संपत नव्हतं. "दानियलला सुखी ठेव. त्याच्या बायकोला. नातीला, रिव्काला, तिच्या परीक्षेत." फोनमध्ये दानियलने मान खाली घातली. मग पुढे नावं सुरू झाली, जी मला माहीत नव्हती. पनवेलमधून गेलेली घरं, गल्ल्यांच्या क्रमाने. या दारापासून त्या दारापर्यंत. कोण तिकडे इस्राएलात अश्दोदला, कोण बीरशेबाला, कोण मातीखाली. आता दारावर ज्यांच्या पाट्या नाहीत अशी सगळी माणसं बाई डोळे झाकून, एकेकाला नावाने, सांभाळून ठेव म्हणत होत्या. बॅटरीच्या दिव्यासमोर बसून हे होत नव्हतं की काय मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

मी त्यांच्या पायांकडे बघत होते, ती माझी खोड. बोटं जमिनीला चिकटून होती. हसुराम बाईंच्या मागे, काठी काखेत धरून, दोन्ही हात पसरून उभा होता. पडल्या तर झेलायला. त्यात तो स्वतः पडला असता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

बाई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि गव्हाणचा हसुराम."

"हजर, बाई!" हसुराम ओरडला.

वहिनी खुदकन हसल्या. फोनमध्ये दानियल हसला, मग डोळे पुसायला लागला, मग पुन्हा हसला. बाईंचे खांदे हलायला लागले. हसू दाबता दाबता त्या इतक्या हलल्या की ज्योतही थरथरली. पण तळहात त्यांनी डोळ्यांवरून काढले नाहीत. "याचा डावा पाय सांभाळ," त्या म्हणाल्या, "त्याला स्वतःला कळत नाही," आणि पुढच्या नावाकडे गेल्या.

पाय जागचे हलले नाहीत.